मुक्याचं औषध

भात पिवळंधमक झालं आणि त्याच आठवड्यात माझ्या घोवाचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा फुगला.

खालच्या शेतातलं हळवं भात, लवकर पिकणारं, मान टाकून उभं होतं. आणखी आठ दिवस राहिलं असतं तर दाणा जागच्या जागी गळला असता. परतीच्या पावसाचाही नेम नाही, एकदा भात आडवं पडलं की लोंबीलाच कोंब फुटतात. गावात गडी म्हणून मिळायचा नाही. तरणे मुंबईला, उरलेले आपापल्या शेतात वाकलेले. आमचा मुलगा सुजय गणपतीला येऊन गेला, त्याला आता रजा कुठली! घरात इळा धरणारी माणसं तीन, मी, सून नम्रता आणि हे. त्यातले हे ओटीवर पाय लांब करून बसलेले आणि इळा डोक्यावर भिंतीला टांगलेला.

"बाबांना खेडला नेऊया," नम्रता म्हणाली. "त्यांच्या छातीच्या डाक्टरीणबाईला दाखवूया."

"छातीची डाक्टरीण गुडघा बगते काय?" मी म्हटलं. "आन गुडघ्याला डाक्टर कशाला? माझ्या माहेरचा औषद हाय. तीन पिढ्यांचा."

दोन वर्षांमागं ह्यांच्या काळजात स्प्रिंग घातली होती. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू. त्यातली एक रक्त पातळ ठेवायची. गोळ्यांचा डबा फडताळात असतो आणि नम्रता रोज न चुकता देते. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कोणी माझी बाजू सावरायला नको.

माझं माहेर डोंगरापलीकडच्या वाडीत. तिथं माझा धाकटा भाऊ विठू मुक्या मारावर आणि धरलेल्या सांध्यांवर झाडपाल्याचं औषध देतो. आधी बाबा द्यायचा, त्याच्याआधी आजा. पैसा घेत नाहीत, नारळ आणि पानसुपारी ठेवायची. पण नेम कडक. औषध रविवारीच. उजाडायच्या आत पोचायचं आणि घर सोडल्यापासून परत उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दुखतं तिथं बोट ठेवायचं. त्याने विचारायचं नाही, आपण सांगायचं नाही. मुळीचं नाव फुटलं की गुण गेला. सात दिवस पुरे होईपर्यंत औषध घेतलं हेसुद्धा घराबाहेर कोणापाशी बोलायचं नाही.

ते नाव फक्त मुलग्याला सांगतात. थोरली मी. बाबाच्या मागून पाटी घेऊन रानात मी जायची, मुळ्या पऱ्याच्या वाहत्या पाण्यात मी धुवायची. पण विठू दहा वर्षांचा झाला तेव्हा बाबाने त्याला देवापुढं बसवून नाव सांगितलं आणि मला म्हणाला, "तू उद्या परक्या घरी जानार. आमचा औषद कशाला घेऊन जातंस?" ते बोलणं मी चाळीस वर्षं गिळून बसले होते. तरी माहेरच्या औषधाचा ताठा माझ्याइतका विठूलाही नसेल.

रविवारी सदूच्या रिक्षेतून गेलो. सदू घाटभर बडबडत होता, कोणाचं भात कापून झालं, कोणाच्या गाईला वाघराने नेलं. आम्ही दोघं मुके. "भांडून निगालाव काय?" त्याने दोनदा विचारलं. ह्यांना काही जड गेलं नाही. हे तसेही कमीच बोलतात. आमच्या घरात ते खातं माझ्याकडं आहे.

विठूच्या अंगणात आठ-दहा माणसं खाली माना घालून बसली होती. विठूने ह्यांचा गुडघा दाबून पाहिला, सहाणेवर मुळी उगाळली, तांदळाच्या धुवणातून प्यायला दिली. वरून लावायला निर्गुडीच्या पाल्याचा लेप, आणि उरलेल्या दिवसांसाठी मुळीचे तुकडे पानात बांधून. सात बोटं दाखवली. झालं.

तिसऱ्या दिवशी गुडघा ओसरला. चौथ्या दिवशी हे उठून गोठ्यापर्यंत चालत गेले. पाचव्या दिवशी भिंतीवरचा इळा काढला.

"बगितलंस?" मी नम्रताला म्हटलं. "ह्याला म्हनतात हाताला गुण असना. तुज्या डाक्टरणीने आदी फोटो काढायला सांगितला असता."

विहिरीवर वाडीतली काशी म्हणाली, "केरूदादा चालाय लागले की!" मी नुसती हसले. बोलायचं नव्हतं ना अजून. पण माझं हसणं अख्ख्या वाडीला ऐकू गेलं असेल.

सहाव्या दिवशी मशेरी लावून ह्यांनी चूळ टाकली ती लाल होती. मी पाहिली आणि पाण्याने वाहून जाऊ दिली. संध्याकाळी नम्रता म्हणाली, "आई, बाबांच्या खांद्याला केवढा काळानिळा पडलाय."

"भारा उचलला तर निळा पडनार नाय तर काय हिरवा?"

"काल पाठीला पन होता."

"मग पाठीला पन भारा लागला असंल. तू भात काप."

ती कापू लागली. पण मधूनच मान वर करून सासऱ्याकडं बघायची, आणि तिचं ते बघणं मला टोचत होतं.

सातवा दिवस, शनिवार. औषधाचा शेवटला तुकडा राहिला होता. तिघं ओळीने कापत होतो. ऊन पाठीवर चढलेलं. ह्यांचा इळा पेंढीवरून सटकला आणि डाव्या करंगळीला लागला. एवढंसं लागलं होतं, भात कापताना असं दहा वेळा लागतं. बोट तोंडात घालायचं आणि पुढची मूठ धरायची. ह्यांनी घातलं. पुढची मूठ धरली. मूठ लाल झाली.

मी पदराचं टोक फाडून बांधलं. ते भिजलं. हळद आणून दाबली. हळद वाहून गेली. बांधावर बसवून हात वर धरायला लावला तर रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आलं आणि धसकटावर ठिपके पडू लागले. अर्धा तास झाला. ह्यांचा चेहरा धुतल्या फडक्यासारखा झाला होता. तरी तोंडातून शब्द नाही.

"आई, माझ्यावर मागनं रागवा," नम्रता म्हणाली. "मी सदूला फोन क्येलाय."

मी रागावले नाही. ह्यांचा हात उंच धरून ठेवला.

खेडला डॉक्टरीणबाईंनी बोट गच्च बांधलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, तोंडात उजेड टाकून हिरड्या पाहिल्या. वयाने नम्रतापेक्षा लहान असेल. "गोळ्या जास्त घेतल्या गेल्या का?"

"नाही," नम्रता म्हणाली. "मीच मोजून देते."

"दुसरं काही घेतलंत? काढा, मुळी, गावठी औषध? केरूकाका, तुम्हालाच विचारते आहे."

ह्यांनी मान हलवली. नाही. ओठ घट्ट मिटलेले. आणि मग माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, हेच वाईट. एकच दिवस उरला होता, तो पुरा करायचा होता. माझ्या माहेरचा नेम राखायला हा माणूस रक्त सांडत मुका बसला होता.

"घेतलाय," मी म्हटलं. "मुळी घेतलीय. मी देवविलीय."

नर्सबाई लिहिता लिहिता थांबली. "शिकलेली सून घरात आहे, तिला तरी विचारायचं," ती म्हणाली. नम्रताने मान खाली घातली. माझ्यासाठी घातली, हे मला कळलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "कसली मुळी?"

"नाव ठाऊक नाय."

"तुम्हाला नाव ठाऊक नाही, आणि तुम्ही पाजलीत?"

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलंय आणि मी प्रत्येकाला व्याजासकट परत केलंय. ह्या पोरीला काय परत करणार? ती खरं तेच विचारत होती. मी भाजी घेताना चार जुड्या हुंगून बघते. कोंबडी घेतली तर तिचा पंख उचलून बघते. आणि नवऱ्याच्या पोटात काय गेलं ते मला ठाऊक नव्हतं.

"मुळी आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "गोळीचं काय करायचं ते रक्त तपासून मी सांगेन, आपल्या मनाने बंद करायची नाही. काकांना इथं ठेवून घेते. ती मुळी मला बघायला हवी, पानं-फांदीसकट. आणि देणारा ती कशासाठी देतो तेही विचारून या."

दुसऱ्या दिवशी रविवार. नम्रता दवाखान्यात. मी एकटी डोंगर चढून उतरले. सदूची रिक्षा घेतली नाही, चालताना राग चांगला मुरतो. पोचले तेव्हा पूर्व तांबडी होत होती आणि अंगणात सगळे मुके बसले होते. त्यांत आमची काशीही होती, कमरेवर हात ठेवून. माझं हसणं बघूनच आली असणार.

"विठू!" मी अंगणात उभी राहून हाक मारली.

कौलातून साप पडावा तशी माणसं दचकली. विठू सहाण सोडून उठला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बोट खाली घे. तुजे भावोजी दवाखान्यात हायत. करंगळीला इळा लागला तर रक्त थांबत नव्हता. मुळीचा नाव सांग."

विठूचा रंग उतरला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाय, मागल्या दारी चल. लोका बसलीत."

"बसलीत म्हनूनच हितं बोलतंय. नाव सांग."

"नाव फुटला तर गुण जाईल. बाबाने माझ्याकडून शपत घेतलान."

"गुण गेला तर जाऊ दे. घोव जायला नको."

"मी काय इख दिलाय काय?" आता विठूचाही आवाज चढला. "शेकड्यांनी माणसा बरी झाली ह्या मुळीने. भावोजींना काय आदीचा दुखना हाय, ते रोज काय खातात, माला कुनी सांगितलान?"

"तू इचारलंस?"

"इचाराचा नाय असा नेम हाय!"

"आन आमी सांगाचा नाय असा नेम. म्हंजे देनारा मुका, घेनारा मुका. मग बोलनार कोन? रक्त बोलला."

विठूने अंगणातल्या माणसांकडं पाहिलं. मग म्हणाला, आणि हे तो खोटं बोलला नाही, "बाबाच्या वक्ताला गोळ्या कोन खायचा, बाय? तवा सांगन्यासारखा काय नव्हताच."

"आता हाय. फडताळभर हाय."

तरी तो हलेना. तेव्हा मी पडवीतली कुदळ उचलली.

"नको सांगूस. नाव मुलग्याचा, ते तुज्याकडं ऱ्हाऊ दे. पन पाटी मी वाहिलीय. कातळाच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या वळणावर, मोठ्या धोंडीच्या सावलीत. वाट माझ्या पायांना ठाऊक हाय. सगळा ताटवा उपटून खेडच्या टेबलावर नेऊन टाकते."

"सगळा?" विठू ओरडला. "आगं मग पुढल्या वर्साला काय? अर्धी मुळी जमिनीत राखून काढायची असते!"

"मग तू ये आन राखून काढ."

विठूने माझ्या हातातली कुदळ घेतली. मी ती सहज सोडली, कारण वजनाने माझा खांदा भरून आला होता. तो पायरीपर्यंत गेला, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"विठू, मी साखरेची गोळी खातंय. दोन टायम." काशी होती. बोलून तिने तोंडावर पदर घेतला. "आता नेम मोडलाच हाय तर म्हटला सांगावा."

तिच्या शेजारचा म्हातारा खाकरला. "माझी बीपीची हाय."

"माझ्या मेंदूला झटका येऊन गेलाय, गुदस्ता."

कोपऱ्यात एक नवी नवरी बसली होती, दीपाली नावाची, सासू शेजारी. ती इतक्या हळू बोलली की मला जवळ जावं लागलं. "माला दोन म्हयने झालेत." तिच्या सासूने कपाळावर हात मारला, कारण तिलाही ते तिथंच कळलं.

विठू कुदळ मांडीवर घेऊन पायरीवर बसला. एकेकाकडं बघत होता. इतकी वर्षं ह्याच अंगणात, ह्याच माणसांच्या हातावर तो मुळी ठेवत आला होता. कपाळाला घाम फुटलेला. "आज कुनाला पोटात औषद नाय," तो शेवटी म्हणाला. "लेप घेऊन जावा. पोटातल्याचा पुढल्या रयवारी बगू. येताना गोळ्या संगती आना." आणि मला म्हणाला, "चल, बाय."

त्याने मुळी काढली. अर्धी जमिनीत राखून, वर माती दाबून. फांदी, पान, सगळं पळसाच्या पानात गुंडाळलं. खेडला यायला त्याने धुतलेला सदरा घातला आणि दवाखान्यात शिरताना वहाणा दारात काढून ठेवल्या, देवळात काढतात तशा.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. "हिचं नाव काय म्हणता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

विठूने डोळे मिटले आणि नाव सांगितलं.

चार अक्षरं. चार अक्षरांसाठी बाबाने मला परकी केली होती. मी ती मनात तीनदा म्हणून पाहिली, काहीच घडलं नाही, पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला. इथं मी ती लिहीत नाही. गुण जाईल म्हणून नव्हे. तुम्ही वाचून उद्या कुदळ घेऊन रानात शिराल म्हणून.

"आणि देता कशावर?"

"मुका मार लागून रक्त आत धरून बसला की देतो. धरलेला सोडवते ही."

"मी काकांना जी गोळी देते ना, तीही रक्त धरू नये म्हणूनच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विठूने आधी मुळीकडं, मग डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. "म्हंजे आमी दोघांनी एकाच उतारावर गाडी ढकलली."

"आणि एकमेकांना न सांगता," त्या म्हणाल्या. कागदावर नाव लिहिलं, पानाचा फोटो काढला. गुडघ्यावर वरून लेप लावायला त्यांची हरकत नव्हती, कातडी फुटलेली नसेल तर. पोटात मात्र काहीही त्यांना विचारल्याशिवाय नाही. विठूने मान डोलावली. मग खुर्चीत बसला.

निघताना ती कालची नर्सबाई व्हरांड्यात विठूच्या आडवी आली. "काका, माझ्या आईची कंबर फार धरते हो. एखादी पुडी—"

विठूच्या आधी मीच बोलले. "पुडी नाय. आईला घेऊन ये. आन तिच्या गोळ्यांची पाकिटं आन. शिकलेली लेक घरात हाय, तिने एवढा तरी करायला होवा."

दोन वर्षांचं सुख त्या एका वाक्यात मिळालं.

सोमवारी उजाडताच डोंगराच्या वाटेवर चार माणसं दिसली. विठू, त्याची बायको आणि त्यांच्या वाडीतले दोघं, खांद्याला इळे. विठू खळ्यात टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भावोजींच्या वाटची ओळ कुटली?" बस्स, एवढंच. काशी साखरेची गोळी खाऊन आमच्या शेतात उतरली. दोन दिवस पाठी वर झाल्या नाहीत. मंगळवारी सांजावताना शेवटचा भारा खळ्यात आला, भाऱ्यांची उडवी रचून झाली, वर ताडपत्री ओढून दगड ठेवले. बुधवारी दुपारी पाऊस आला. असा आला की डोंगर दिसेना. मी ओटीवर बसून उडवीकडं बघत राहिले. पड म्हटलं, किती पडतोस ते. तेवढ्यात सदूची रिक्षा आली आणि त्यातून हे उतरले, करंगळीला पांढरी पट्टी. भिजत उडवीपर्यंत गेले, हाताने एक पेंढी आत ढकलली आणि माझ्याकडं बघून हसले.

शनिवारी विठूचा निरोप आला. "बाय, उद्या तू ये. माला इचारायला जमत नाय. चाळीस वर्सा मुका बसलोय."

मी ह्यांना बरोबर घेऊन गेले. अंगण भरलेलं होतं आणि असा गलका की बाजार वाटावा. नारळाशेजारी गोळ्यांची पाकिटं, रक्ताचे कागद, एकाने तर औषधाची अख्खी पिशवी आणली होती. विठूने ओटीवर पाट मांडला. बाबाचा पाट. त्या पाटाला बाबाच्या मागं विठूशिवाय कोणी अंग लावलं नव्हतं.

"बस," तो म्हणाला.

मी बसले. हात लावून नमस्कारबिमस्कार केला नाही. चाळीस वर्षं उशीर झाला होता, आणखी वेळ कशाला घालवायचा?

पहिल्यांदा ह्यांनाच समोर बसवलं. "रोज काय काय घेता?" मी विचारलं. ह्यांनी गोळ्या बिनचूक सांगितल्या, सकाळची कुठली, रातची कुठली. मग थांबून म्हणाले, "आन हिची बोलनी. दोन टायम. जेवनाआदी." अंगण फुटून हसलं. इतकं लांब वाक्य त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर बोललेलं मला आठवत नाही. मी मुकाट्याने ह्यांच्या गुडघ्याला निर्गुडीचा लेप थापला, जरा जोरातच.

मग एकेकाला घेतलं. झटका येऊन गेलेल्याला परत पाठवलं, आधी डॉक्टरला विचारून ये म्हणून. दीपालीला लेपसुद्धा दिला नाही, तिची सासू तोंड वाकडं करत होती तिलाही दोन शब्द दिले. एका तरण्या गड्याला झाडावरून पडून मुका मार लागला होता, दुसरं दुखणं नाही, गोळी नाही, हाड मोडलेलं नाही हे खेडला बघून आलेला. त्याला विठूने मुळी उगाळून दिली. पुढल्या रविवारी तो स्वतः नारळ घेऊन चालत आला. नाव खेडच्या कागदावर चढलं होतं, आणि गुण होता तिथंच होता.

मी पाटावर बसले त्या दिवशी सगळ्यांत शेवटी एक मुंबईकर आला, गॉगल डोक्यावर चढवलेला. त्याला जुना नेम कोणीतरी शिकवून पाठवला होता. नारळ ठेवला, कमरेवर बोट ठेवलं आणि ओठ मिटून माझ्याकडं बघत राहिला. मी विचारलं, काय खातोस, काय दुखणं, आधी कोणाचं औषध घेतलंस. त्याने मान हलवली आणि पुन्हा कमरेवर बोट ठेवलं.

विठू सहाणेवरून हसला.

"तोंड उघड रे बाबा," मी म्हटलं. "मुक्याला हितं औषद नाय."